बातमीमागील माणूस : साथरोग आणि पत्रकाराचे मन

(अड्याळ, जिल्हा भंडारा येथील व्याख्यानाचा मजकूर)



साथीच्या दिवसांत गावाला तीन गोष्टी लागतात : औषध, अन्न आणि खरी बातमी. पहिल्या दोन पोहोचविणाऱ्यांचे श्रम सर्वांना दिसतात. तिसरी पोहोचविणारा मात्र बातमीच्या आड राहतो. त्याच्या मनाची काळजी कोणी घ्यावयाची, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना आहे. १८९७ च्या प्लेगात लोकमान्य टिळक पुण्यातच राहिले आणि ‘केसरी’ निघत राहिला. १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगानेच गेला. त्या पिढीने दुःख गिळून काम केले. परंतु गिळलेले दुःख नाहीसे होत नाही. ते झोपेत, स्वभावात आणि शरीरात उतरते, हे आज वैद्यकशास्त्र सांगते.

कोविडच्या साथीने याचा पुन्हा प्रत्यय दिला. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत तपासलेल्या १७१ पत्रकारांपैकी ५३ जण बाधित आढळले. २ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यातील दूरचित्रवाणी वार्ताहर पांडुरंग रायकर यांचे कोविडने निधन झाले. ज्यांनी त्यांच्या निधनाची बातमी दिली, ते त्यांचेच सहकारी होते. त्याच वर्षी मोठ्या वृत्तसंस्थांतील ७३ पत्रकारांची आंतरराष्ट्रीय पाहणी झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के जणांना कोणता ना कोणता मानसिक त्रास जाणवत होता.

भंडारा जिल्ह्यावर तर साथ चालू असतानाच दुसरा आघात झाला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षास आग लागून १० बालके दगावली. अशा वेळी वार्ताहराला मातांच्या आक्रोशात उभे राहून नावे व आकडे टिपावे लागतात.

शहरातील पत्रकाराजवळ निदान कचेरी आणि सहकारी असतात. अड्याळसारख्या गावातील वार्ताहर बहुधा एकटा असतो. मानधन अल्प, जोडीला शेती किंवा दुकान. मृतांची यादी त्याच्यासाठी केवळ यादी नसते. तीत त्याचा वर्गमित्र असतो, शेजारचे काका असतात. संसर्ग आपण घरी तर नेत नाही ना, ही धास्ती वेगळीच. बातमी आवडली नाही तर रोषही त्याच्याच वाट्याला येतो.

गावाला यात पुष्कळ करता येईल. साथीच्या काळात ग्रामपंचायत व आरोग्य केंद्राने रोज ठराविक वेळी एकत्रित माहिती द्यावी. म्हणजे आकड्यांसाठी वार्ताहराला खाटाखाटांशी जावे लागणार नाही आणि अफवांनाही आळा बसेल. मुखपट्टी व लस देताना त्याचा विसर पडू नये. शिक्षकांनी लक्षणे ओळखावीत : झोप उडणे, तीच दृश्ये वारंवार डोळ्यांपुढे येणे, चिडचिड, माणसे टाळणे, व्यसनाकडे वळणे. ही दोन आठवडे टिकली, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे. आत्महत्येचे विचार बोलून दाखविल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

सल्ल्याची सोय आता दूर राहिलेली नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू असून तीवर मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा हक्क आणि गोपनीयता दोन्ही मान्य केली आहेत. म्हणून ज्याने मदत मागितली, त्याची चर्चा पारावर होऊ नये, ही जबाबदारी गावाची आहे.

‘दर्पण’च्या स्मरणार्थ दरवर्षी ६ जानेवारीस पत्रकार दिन साजरा होतो. शाल व श्रीफळ अवश्य द्यावे, त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा, “भाऊ, तुम्ही स्वतः कसे आहात?” आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. पुढची साथ येईल तेव्हा खरी बातमी देणारा माणूस गावात खंबीर उभा असावा, याची तयारी आजपासूनच करावयाची आहे.