गाठीचं मूळ शोधताना

मानेत एक गाठ येते. दुखत नाही, म्हणून माणूस रोवणी उरकेपर्यंत थांबतो. मग भंडाऱ्याला दाखवतो, तिथून नागपूरला. सुई घालून तपासणी होते आणि कळतं, की हा कर्करोग आहे, पण तो मानेतला नाही, दुसरीकडून तिथं येऊन वाढला आहे. कुठून? तोंड, घसा, फुप्फुस, सगळं पाहिलं तरी काही वेळा उत्तर सापडत नाही. जगभरातल्या कर्करुग्णांपैकी साधारण 3 ते 5 टक्क्यांच्या बाबतीत असं होतं. औषध तर बरंचसं मूळ जागेवरून ठरतं. जागाच ठाऊक नसेल, तर डॉक्टरांना अंदाजानं चालावं लागतं.

आज मी बोलणार आहे ते या मूळ जागेच्या शोधाबद्दल. अलीकडे तो गाठीतल्या पेशींच्या डीएनएमध्येच घेतला जातो.

आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे 3 अब्ज अक्षरांचा मजकूर. आयुष्यभर त्यात चुका होत राहतात. बऱ्याचशा दुरुस्त होतात, काही राहून जातात. या चुका वाटेल तशा होत नाहीत; कारणागणिक त्यांचा ठसा वेगळा असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशीत शेजारीशेजारी असलेल्या दोन सीच्या जागी दोन टी येतात. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरीन जीला चिकटतं आणि पुढं त्या जागी टी येऊन बसतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं किंवा मक्यातलं अफलाटॉक्सिन यकृतातल्या टीपी53 या जनुकात बहुधा एका ठरावीक जागीच घाव घालतं. इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटचे लुडमिल अलेक्झांड्रोव्ह आणि मायकेल स्ट्रॅटन यांनी सहकाऱ्यांसह 2013 मध्ये 7,042 गाठींमधले 49 लाखांहून अधिक बदल तपासले आणि त्यांतून असे 20 हून जास्त ठसे वेगळे काढले.

हे झालं कारणाचं. जागा कशी कळते? दप्तरातले जे कागद रोज उघडले जातात, त्यांची निगा राहते. जे बासनात बांधून ठेवलेले असतात, त्यांना वाळवी लागते. पेशीतही तसंच आहे. यकृताच्या पेशीत डीएनएचा जो भाग उघडा असतो, तो त्वचेच्या पेशीत मिटलेला असू शकतो. मिटलेल्या भागात चुका जास्त साचतात. म्हणून चुका कुठं दाट आहेत आणि कुठं विरळ आहेत, यावरून ही पेशी मुळात कोणत्या अवयवाची होती ते ओळखता येतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 24 प्रकारच्या कर्करोगांच्या 2,606 गाठींवर संगणकाला हे ओळखायला शिकवलं गेलं. 91 टक्के वेळा त्याचं उत्तर बरोबर आलं. शरीरात दुसरीकडे पसरलेल्या गाठींचा वेगळा संच दिला, तेव्हा हे प्रमाण 83 टक्के राहिलं. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते, की कर्करोग घडवणाऱ्या नामांकित जनुकांतले बदल इथं फारसे उपयोगी पडले नाहीत. ज्यांचा रोगाशी काही संबंध नाही, जे नुसते साचत गेले, त्या बदलांनीच पत्ता सांगितला.

आता आपल्या राज्याकडे येऊ. 1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनं आलेल्या 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. माणसाची सवय आणि रोगाची जागा यांचं नातं ते आयुष्यभर तपासत राहिले. धोतर घट्ट नेसल्यानं कमरेवर होणारा त्वचेचा कर्करोगही त्यांनीच नोंदवला. जनुकं वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. डोळे, सूक्ष्मदर्शक आणि रुग्णाला विचारलेले प्रश्न, एवढ्यावर त्यांचं काम चाले.

सुमारे 70 वर्षांनी, 2013 मध्ये, टाटा स्मारक केंद्राची खारघरची ॲक्ट्रेक ही संस्था आणि बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगातले बदल वाचले. आधी 50 रुग्णांचे, मग खात्रीसाठी आणखी 60 जणांचे. अशा रुग्णांच्या गाठींत सापडलेला एक ठसा आज अशा ठशांच्या जागतिक यादीत 29 व्या क्रमांकावर आहे, आणि त्याच्यापुढं कारण लिहिलं आहे: तंबाखू चघळणं. धुराचा ठसा त्या यादीत वेगळा आहे, 4 क्रमांकाचा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं ही गोष्ट परकी नाही. टपरीवर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला, की खर्रा तयार. तो गालात धरून माणूस दिवस काढतो, बहुधा एकाच बाजूच्या गालात. तंबाखू तर घातक आहेच, पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 च्या अहवालात नोंदवलं. सुपारीनं गालाची आतली त्वचा ताठ होते. निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. खर्रा खाणाऱ्या कित्येक तरुणांच्या तोंडात दोनही जात नाहीत. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते, आणि ती बघायला संगणक लागत नाही, घरचा आरसा पुरतो.

जनुकांची ही संपूर्ण तपासणी अजून जिल्हा रुग्णालयात होत नाही. मूळ जागा कळल्यानं रुग्ण जास्त जगतो का, याचीही उत्तरं संमिश्र आहेत: जनुकांच्या सक्रियतेवरून मूळ ओळखून औषध देणाऱ्या जपानमधल्या 2019 च्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तरी मी या विद्येकडं आशेनं पाहतो. मात्र तिच्या यादीत युरोप-अमेरिकेतल्या गाठी फार आणि आपल्या कमी आहेत. विदर्भातल्या रुग्णांच्या गाठी त्यात जितक्या जास्त वाचल्या जातील, तितकं इथल्या माणसाचं निदान नेमकं होईल.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही असेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. डॉक्टरांकडं गेलात, की त्यांनी विचारायच्या आधीच सांगा: खर्रा, विडी की नुसती सुपारी, दिवसाला किती, किती वर्षांपासून, आणि कोणत्या गालात.