अनोळखी मृतदेह आणि हरवल्याची नोंद

राधानगरी तालुक्यात एखाद्या वाडीच्या शिवारात, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला किंवा दाजीपूरच्या रानात मृतदेह दिसल्याची वर्दी बहुधा गावच्या पोलीस पाटलाकडून ठाण्यात पोहोचते, कारण महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये अशी खबर देणे हे त्याच्या कर्तव्यांपैकी एक आहे. ठाण्यात प्रथम ‘अकस्मात मृत्यू’ दाखल होतो, म्हणजे मरण कशाने आले हे ठरलेले नसताना चौकशीला आधार म्हणून केलेली नोंद होते. हा आधार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. त्यानंतर पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा, म्हणजे देहाची स्थिती, जखमा, कपडे, दागिने आणि खुणा यांचे जागेवरच लिहून घेतलेले वर्णन होते व पुढे शवविच्छेदन होते. मृताचे नाव माहीत असले तर या सर्व कागदांना लगेच दिशा मिळते. नाव माहीत नसले तर तपास पहिल्याच पायरीवर अडतो, कारण बहुतेक खुनांत मारणारा मृताच्या ओळखीतला असतो आणि कोण मेले हे कळल्याखेरीज कोणी मारले या प्रश्नाला हातच घालता येत नाही.

प्रत्येक पोलीस ठाण्यात याच्या जोडीला दुसरीही एक नोंद चालू असते. ‘मिसिंग’ या नावाने सर्वत्र ओळखली जाणारी ही नोंद म्हणजे घरातून निघून गेलेल्या, न परतलेल्या माणसांची यादी होय. अनोळखी मृतदेहाची ओळख पटणे म्हणजे व्यवहारात या दोन नोंदींतील दोन ओळी एकमेकींना भेटणे, आणि त्यांतील एक ओळ लिहिलीच गेली नसेल, तर प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली तरी तिला तुलना करण्यासाठी काही मिळत नाही. ही गोष्ट वाटते तितकी सर्वमान्य नाही. ओळख पटवण्याचे श्रेय आणि अपयश ही दोन्ही विज्ञानाच्याच खात्यावर मांडण्याची सवय वृत्तपत्रांनी वाचकांना लावलेली आहे.

राधानगरीच्या भूगोलात या दोन ओळींना एकमेकींपासून दूर नेण्याची सगळी सोय आहे. लक्ष्मी तलावातून निघालेले भोगावतीचे पाणी करवीर तालुक्यात येऊन प्रयाग चिखलीला इतर नद्यांना मिळते, पंचगंगा होऊन हातकणंगले आणि शिरोळमधून वाहते, नृसिंहवाडीला कृष्णेत शिरते आणि तेथून कर्नाटकात जाते. पुराच्या दिवसांत या प्रवाहात पडलेला देह जेथे वर येईल तेथील ठाण्यात त्याची नोंद होणार, आणि घरच्यांनी तक्रार दिलेली असलीच तर ती अनेक ठाणी मागे राहिलेली असणार. पश्चिमेला दाजीपूरवरून फोंडा घाट उतरला की जिल्हाच बदलतो, आणि घाटाच्या माथ्यावरील वाहनाचा माग कणकवलीच्या बाजूला घ्यायचा की कोल्हापूरच्या, येथून वादाला सुरुवात होते. रानात आणखी एक अडचण असते : रानडुकरे व इतर प्राणी हाडे पांगवतात, आणि जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत, चार महिन्यांच्या पावसात, हाडे कोरड्या मुलखातल्यापेक्षा लवकर झिजतात.

ओळखीची साधने पूर्वी साधी होती आणि ती कमी दर्जाची मुळीच नव्हती. ग्रामीण स्त्रीच्या हातावरील गोंदण हे त्यांतले सर्वांत भरवशाचे, कारण गोंदणाचा रंग कातडीच्या आतल्या थरात बसलेला असतो आणि पाण्यात राहून वरची कातडी सुटली, तरी नाव किंवा तुळशीवृंदावन खालच्या थरावर वाचता येते. पुरुषाच्या सदऱ्याच्या कॉलरमागे शिवलेली शिंप्याची कापडी पट्टी, तिच्यावरील दुकानाचे आणि गावाचे नाव, कपड्यावरील परिटाची खूण, विशिष्ट सोनाराच्या घडणीची जोडवी, यांवरून जुन्या हवालदारांनी कितीतरी माणसांची गावे शोधून काढली. तयार कपड्यांच्या दुकानांनी हा धागा जवळजवळ संपवला, आणि त्याची भरपाई मोबाइलने केली, पण मोबाइल काढून घेणे हे खुनी माणसाला सदऱ्याची पट्टी उसवण्यापेक्षा सहज सुचते.

देहाचा केवळ सांगाडा उरला असेल, तर पहिला प्रश्न हाडे माणसाची आहेत का हाच असतो. त्यानंतर कटीच्या हाडांवरून स्त्री की पुरुष, दातांवरून आणि हाडांच्या टोकांच्या सांध्यांवरून वय, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची यांचे अनुमान काढले जाते. मुलांच्या बाबतीत यात एक चमत्कारिक विषमता आहे : दात येण्याचा क्रम ठरलेला असल्याने वय बरेच नेमके सांगता येते, परंतु वयात येण्यापूर्वी कटीच्या हाडांतला भेद स्पष्ट झालेला नसल्याने मुलगा की मुलगी हे केवळ हाडांकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय लहान मुलाचे बोटांचे ठसे कोणत्याही दप्तरात नसतात, दातांवर उपचार झालेले नसतात, आणि मोडलेल्या हाडात बसवलेली क्रमांकाची पट्टीही नसते. प्रौढ माणूस आयुष्यभर जे कागद आणि ज्या खुणा मागे ठेवत जातो, त्यांतले मुलाकडे काहीच नसते.

या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मानाचे स्थान मिळालेला खटला मुंबईत जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतलेल्या एका पारशी डॉक्टरचा आहे. त्याने इंग्लंडात बक रक्स्टन हे नाव घेऊन लँकेस्टरला व्यवसाय मांडला होता. २९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमधील मॉफॅटजवळच्या एका ओढ्यात दोन देहांचे तुकडे गाठोड्यांत सापडले, आणि ओळख पटू नये म्हणून चेहऱ्यांची व बोटांची काळजीपूर्वक विटंबना केलेली होती. जॉन ग्लेस्टर आणि जेम्स ब्रॅश या प्राध्यापकांनी ते तुकडे जुळवले आणि कवटीचे छायाचित्र डॉक्टरच्या बेपत्ता पत्नीच्या जुन्या छायाचित्रावर तेवढ्याच मापात ठेवून पाहिले. मूळ छायाचित्रात तिने घातलेला शिरोभूषणाचा दागिना मिळवून त्यावरून माप ठरवण्यात आले. कवटी आणि छायाचित्र असे एकावर एक ठेवून पाहण्याच्या या पद्धतीला अध्यारोपण म्हणतात. परंतु तपास लँकेस्टरला पोहोचला तो मुख्यतः दोन क्षुल्लक वस्तूंमुळे. एक गाठोडे ज्या वृत्तपत्रात बांधले होते, त्याची ती आवृत्ती केवळ त्याच भागात विकली गेली होती. आणि एका झंपरला काखेत लावलेले ठिगळ डॉक्टरच्या घरातून पत्नीबरोबरच बेपत्ता झालेल्या दाईच्या सावत्र आईने ओळखले, कारण ते तिनेच शिवलेले होते. दाईच्या घरच्यांनी पोलिसांकडे तक्रार केली नसती, तर ते ठिगळ कोणापुढे ठेवायचे हे पोलिसांना कळले नसते.

डीएनए, म्हणजे पेशीतील आनुवंशिक द्रव्य, हे साधन याच नियमाला बांधलेले आहे. १९८४ मध्ये लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली, आणि भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लालजी सिंग यांनी ती त्या दशकाच्या अखेरीस न्यायालयापर्यंत आणली. हाडातून किंवा दातातून निघालेला डीएनए स्वतः नाव सांगत नाही. तो आईच्या, बापाच्या किंवा भावंडाच्या रक्ताशेजारी ठेवला म्हणजे नाते सांगतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याला कायमचे चिकटलेले बालहत्याकांड या विषयात कोठे बसते ते दिसते. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातील आणि इतर भागांतील शहरांतून, देवळे, यात्रा, बसस्थानके अशा गर्दीच्या ठिकाणांहून मुले पळवली. चोरी करताना मूल कडेवर असले तर संशय कमी येतो आणि पकडले गेल्यास सुटका सोपी जाते, एवढाच त्या मुलांचा उपयोग होता. तो संपला की मुले मारली गेली. १९९६ च्या अखेरीस अटक झाली, रेणुकेचा पती माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबाबावरून एकेक गुन्हा उलगडत गेला. तेरा मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी नऊ जणांचा खून असे आरोप ठेवले गेले. अंजनाबाई १९९७ मध्ये कोठडीत मरण पावली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली तेव्हा पाच खून सिद्ध मानलेले होते. दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला, आणि त्या अर्जावरील अक्षम्य दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी शिक्षा जन्मठेपेवर आणली.

नऊ आणि पाच या दोन आकड्यांमधले अंतर फौजदारी पुराव्याच्या कसोटीने समजून घ्यावे लागते. सहआरोपीच्या जबाबाला दुसरा आधार लागतो, आणि तो आधार मूल कोणाचे होते, कोठून गेले, कोणता देह कोठे मिळाला, अशा गोष्टींतून यावा लागतो. पहिला बळी हा कोल्हापुरातील एका भीक मागणाऱ्या बाईचा सुमारे दीड वर्षाचा मुलगा होता, आणि निकालपत्रात तो ज्या नावाने ओळखला जातो ते नाव त्याला पळवणाऱ्या बायकांनी ठेवलेले आहे. त्याच्या आईने त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हा प्रश्न खटल्याला पडण्याचे कारण नव्हते. शिक्षा त्यावाचून झाली, आणि ती योग्यच होती. तथापि ‘ओळख पटली’ हे शब्द अशा ठिकाणी फार सैलपणे वापरले जातात, हे नोंदवले पाहिजे. या मुलांच्या बाबतीत ज्यांचे आईवडील ठाण्यात जाऊ शकले, ज्यांच्या घरी मुलाचा फोटो होता, त्यांना दाद मिळण्याची शक्यता अधिक होती. फुटपाथवरच्या आईकडे फोटो नसतो, आणि ती ठाण्याच्या पायरीवर गेली तरी तिची तक्रार लिहून घेतली जाईल याची त्या काळी कोणतीही हमी नव्हती.

ती हमी, निदान कागदावर, फार उशिरा आली. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत अपहरण झाले असे गृहीत धरून गुन्हाच दाखल करावा, नुसती ‘मिसिंग’ची नोंद करून थांबू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी दिला.

याच जिल्ह्याशी संबंधित दुसरा खटला याच्या अगदी उलट टोकाचा आहे. हातकणंगले तालुक्यातील आळते गावच्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचा ११ एप्रिल २०१६ रोजी खून झाला, देहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले गेले आणि ते कधीच मिळाले नाहीत. तरीही पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला जन्मठेप दिली. मृतदेह सापडलाच पाहिजे असा कायद्याचा आग्रह नाही. येथे देह नव्हता, पण बेपत्ता असल्याची तक्रार होती, आणि ती वर्षानुवर्षे लावून धरणारे पती, वडील आणि भाऊ होते.

तक्रारच नसली तर काय होते, हे रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात दिसले. गागोदे येथे मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष मिळाले, नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले आणि प्रकरण तेथेच पडून राहिले. २०१५ मध्ये वेगळ्याच गुन्ह्यात पकडलेल्या एका वाहनचालकाने तोंड उघडले, तेव्हा हे अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचा दावा पुढे आला. खटला अद्याप न्यायप्रविष्ट असल्याने दोषादोषाविषयी काही म्हणता येत नाही. मात्र त्या हाडांचे काही भाग सापडत नसल्याचे सरकारी पक्षाने २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले आणि नंतर ते सीबीआयच्याच दिल्लीतील कार्यालयात असल्याचे सांगितले, यावरून देशभर गाजलेल्या प्रकरणातही अवशेषांच्या जपणुकीची काय अवस्था असते, याची कल्पना येते. अनोळखी देहाचे दहन झाले की पुढल्या तपासाला काही उरत नाही, त्यामुळे अंत्यविधीपूर्वी एक दात किंवा हाडाचा तुकडा क्रमांक घालून राखून ठेवणे, एवढे एक साधे काम नेमाने झाले तरी पुष्कळ आहे.

राखलेले अवशेष किती उशिराही नाव देऊ शकतात, हे अमेरिकेत दिसले. तेथे न्यू हॅम्पशर राज्यातील बेअर ब्रूकजवळच्या रानात १९८५ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये सापडलेल्या दोन पिंपांत मिळून एक स्त्री व तीन मुली होत्या. त्यांच्यापैकी तिघींची नावे २०१९ मध्ये आणि चौथीचे २०२५ मध्ये कळले. मुळे नसलेल्या केसांतून डीएनए काढण्याची नवी रीत आणि दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडत मृताच्या कुटुंबापर्यंत पोहोचण्याची वंशावळ-शोधाची पद्धत, या दोन्ही येथे उपयोगी पडल्या. तितकाच उपयोगी पडला एका ग्रंथालय कर्मचारी स्त्रीचा चिकाटीचा शोध, जिने हरवलेल्या नातलगांची विचारपूस करणारे लोकांचे जुने मजकूर वाचून काढले. स्वखुशीने डीएनए देणारे लाखो लोक तेथे असल्याने हे जमले. भारतात अशा जुळवणीसाठी बेपत्ता व्यक्तींची आणि अनोळखी मृतांची स्वतंत्र डीएनए सूची असावी, ही मागणी ‘लोकनीती फाउंडेशन’ने सर्वोच्च न्यायालयात नेली होती, आणि कायदा करू या केंद्र सरकारच्या आश्वासनावर ते प्रकरण २०१८ मध्ये मिटले. त्यानुसार विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. आनुवंशिक माहितीच्या गैरवापराच्या भीतीने त्यावर आक्षेप आले, त्यांतले काही रास्तही होते. जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले.