मागच्या मोटारीचे दिवे



अमेरिकेंत अनेक वृद्ध दांपत्यें चाकांवरच्या घरांतून, म्हणजे मोटारहोममधून, महिनोन्महिने प्रवास करतात. मुक्कामीं बाजारहाट करण्यासाठीं तीं एक लहान मोटार मागें जोडून ओढीत नेतात. तिचीं चारही चाकें रस्त्यावर असतात. आंत मात्र कोणी नसतें. मागून येणाऱ्यास प्रथम दिसते ती ही चालक नसलेली मोटार. पुढच्या वाहनानें ब्रेक लावला आणि हिचे दिवे लागले नाहींत, तर त्यास सावध कोण करणार?

जोडणी बहुधा चार तारांची असते. तपकिरी तार रात्रीच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या ब्रेकची व वळण्याच्या इशाऱ्याची, हिरवी तशीच उजव्या बाजूची आणि पांढरी 'अर्थ'ची. एवढें कळलें, कीं या तारा मोटारीच्या तारांस गुंडाळल्या म्हणजे झालें, असें वाटूं लागतें. चूक होते ती येथेंच. मोटारहोमकडून आलेली वीज दिव्याशीं न थांबतां उलट वाटेनें मोटारीच्या स्विचांत व नाजूक यंत्रणेंत शिरते. मग कधीं डावा इशारा देतांच दोन्ही दिवे लुकलुकतात, तर कधीं यंत्रणाच बिघडते.

यावर उपाय डायोडचा. विहिरीच्या पंपाची झडप पाणी वर जाऊं देते, परत येऊं देत नाहीं. डायोड विजेच्या बाबतींत तेंच करतो. दिव्याकडे येणाऱ्या दोन्ही तारांत, मोटारीच्या व मोटारहोमच्याही, डायोड बसविला म्हणजे दिवा दोहोंकडून उजळतो, पण एकाची वीज दुसऱ्याच्या यंत्रणेंत जात नाहीं. मात्र ज्या मोटारींत ब्रेकचा दिवा आणि वळण्याचा दिवा वेगवेगळे आहेत, तेथें एवढ्यानें भागत नाहीं. अशा वेळीं मागील दिव्याच्या आंत निराळा बल्ब बसवून त्याच्या तारा स्वतंत्र ठेवणें बरें. मोटारीच्या मूळ तारांस मग हातच लावावा लागत नाहीं.

पांढऱ्या तारेची हेळसांड करूं नये. ती रंगावर किंवा गंजावर जोडली, तर दिवे मंद होतात किंवा भलतेच पेटतात. पत्रा घासून स्वच्छ करावा व स्क्रू घट्ट आवळावा.

आणि हें सारें यथास्थित झालें, तरी चालकास आपल्या जागेवरून ते दिवे दिसत नाहींत. म्हणून प्रत्येक वेळीं निघण्यापूर्वीं एकानें पुढें बसून ब्रेक दाबावा, इशारे द्यावे आणि दुसऱ्यानें मागें उभें राहून एकेक दिवा पाहावा. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें त्या देशीं असा प्रवास करतात, त्यांनीं एवढेंच विचारावें: निघतांना मागें कोण उभें होतें?