वर्षाचा खर्च आणि महिन्याचा पगार
(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या बेळगावच्या पेठेत दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीचे पूजन करणारे व्यापारी अजूनही आहेत. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून, हळदकुंकू वाहून वही उघडली की येणे किती, देणे किती आणि ते केव्हा, याचा आराखडा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. नोकरदाराच्या घरी अशी वही नसते. पहिल्या तारखेला पगार जमा व्हायचा आणि तो तीस तारखेपर्यंत पुरवायचा, एवढेच आपले अर्थशास्त्र. या महिन्याच्या हिशेबात आपल्या गृहिणी इतक्या वाकबगार असतात, की किराणा, दूध आणि विजेचे बिल यांविषयी मी त्यांना काही शिकवू जाणे हास्यास्पद ठरेल. घोटाळा होतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चात. मोटारीचा विमा, घरपट्टी, मुलांची फी, आरोग्यविम्याचा हप्ता, प्राप्तिकर, गणपती आणि दिवाळी ही त्याची उदाहरणे. यांतला एकही खर्च अचानक येत नाही. तरीही दरवर्षी तो दाराशी उभा राहिला, की आपण जणू अनोळखी पाहुणा आल्यासारखे चपापतो.

माझ्या परिचयातील एका शिक्षकांची हकीकत सांगतो. गृहस्थ अत्यंत नेमके. उधारीचा त्यांना तिटकारा. त्यांच्या लहानशा मोटारीच्या विम्याची मुदत जूनच्या मध्यावर संपत असे. जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. दोन मुलांची फी, वह्या-पुस्तके, गणवेश आणि छत्र्या यांत पगार संपला. “पंधरा दिवसांचा तर प्रश्न, एक तारखेला पगार झाला की हप्ता भरू,” असे त्यांनी मनाशी ठरवले. त्याच पंधरवड्यात गोव्याला नातेवाइकांकडे जाणे निघाले. चोर्ला घाटात पाऊस कोसळत होता. एका वळणावर गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलीवर आदळली. मोटारसायकलवाला गवंडीकाम करणारा तरुण होता. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि त्याचे काम कित्येक महिने बंद पडले. आमच्या शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी हप्ता भरला असता तरी उपयोग नव्हता, कारण विमा ज्या दिवशी आणि ज्या घटकेला सुरू होतो तिथून पुढचेच संरक्षण देतो. मागे झालेल्या अपघाताला तो लागू होत नाही. इस्पितळाचा खर्च आणि पुढे ठरलेली भरपाई यांसाठी पत्नीच्या पाटल्या गेल्या आणि गावाकडची जमिनीची पट्टीही गेली.

या गृहस्थांजवळ पैसे नव्हते असे नाही. वर्षभराच्या मिळकतीत तो हप्ता सहज बसत होता. पैसे नव्हते ते फक्त जून महिन्यात. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

मोटारविम्याविषयी आपल्याकडे एक गैरसमज दृढ आहे. तो आपल्या गाडीसाठी असतो, असे आपण समजतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे, ज्याला सर्वजण ‘थर्ड पार्टी’ म्हणतात, तो आपल्या गाडीसाठी नाही आणि आपल्यासाठीही नाही. आपल्या चाकाखाली येऊ शकणाऱ्या, आपण कधीही न पाहिलेल्या माणसासाठी तो आहे. विमा नसताना गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. परंतु खरे भय या दंडाचे नाही.

अपघातात मृत्यू झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी ठरवते, ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निर्णयांत त्याची पद्धत घालून दिली आहे. समजा, तीस वर्षांचा, दरमहा वीस हजार मिळवणारा, स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस दगावला आणि मागे पत्नी व दोन मुले राहिली. वर्षाचे उत्पन्न झाले २ लाख ४० हजार. पुढे ते वाढले असते म्हणून त्यात शेकडा ४० मिळवायचे. झाले ३ लाख ३६ हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की उरतात २ लाख २४ हजार. या वयाला गुणक १७ आहे. गुणाकार येतो ३८ लाख ८ हजार रुपये, आणि इतर लहान रकमा वेगळ्याच. विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी देते. नसेल तर गाडीच्या मालकाचे घर, शेत आणि साठवण यांतून ती वसूल होते. आता दुसरी बाजू पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये होता, आणि हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीचा ३,४१६ रुपये. महिन्याला वाटला तर मोठ्या आकड्याचेही तीनशे रुपये होत नाहीत.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. त्याविषयी तीनच गोष्टी सांगतो. हप्ता कमी व्हावा म्हणून गाडीची विमाकिंमत कमी लिहवून घेऊ नये, कारण गाडी चोरीस गेली तर तेवढीच रक्कम हाती येते. वर्षभर दावा केला नाही तर पुढील हप्त्यात सूट मिळते. ती पहिल्या वर्षी शेकडा २० पासून वाढत ५० पर्यंत जाते. मात्र मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर वर्षानुवर्षे साठवलेली ती सूट संपूर्ण बुडते. आणि ही सूट मालकाची असते, गाडीची नसते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ती गाडीबरोबर मिळत नाही. त्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

आपण सीमेवरची माणसे. कोल्हापूरच्या मेहुण्याची किंवा म्हापशाच्या मामांची गाडी आपल्या दारी येणे हे आपल्याकडे नित्याचे आहे. अशा वेळी विमा आणि कर यांतला भेद ध्यानात ठेवावा. विमा साऱ्या भारतात चालतो, पण मोटारीवरचा कर राज्याचा असतो. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून इथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो, पण तो हाती येईपर्यंत इकडची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. भाऊबंदांकडून स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा.

आता प्राप्तिकर. मार्च महिना आला, की ‘कर वाचवण्यासाठी’ घाईघाईने विमापत्रे विकत घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तिचा पाया आता बराच ढासळला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी कररचना आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी इत्यादींवर जुन्या रचनेत दीड लाखांपर्यंत जी वजावट मिळते, ती नव्या रचनेत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या रचनेत बारा लाखांपर्यंतच्या, आणि पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. म्हणजे ज्याला कर नाहीच, तो कर वाचवण्यासाठी वीस वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घेतो! आयुर्विमा घ्यावा तो आपल्यामागे घर चालावे म्हणून. खासगी मोटारीच्या विम्याच्या हप्त्यावर तर नोकरदाराला कोणत्याही रचनेत वजावट नाही. ते कुणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये.

दुसरी चूक निवृत्त मंडळींच्या आणि चांगल्या मिळकतीच्या घरांत होते. ठेवींच्या व्याजातून बँक शेकडा दहा कापून घेते, तेव्हा कर पुरा झाला असे वाटते. परंतु ती कपात म्हणजे अंतिम कर नव्हे. आपला दर अधिक असेल तर फरक आपणच भरायचा असतो. वर्षाचा उरलेला कर दहा हजार किंवा त्याहून अधिक होत असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या पंधरा तारखेपर्यंत चार भागांत भरावा लागतो. उशीर झाल्यास व्याज पडते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील नागरिकांना मात्र या आगाऊ कराच्या अटीतून सूट आहे. गंमत पाहा! सरकारसुद्धा वर्षाचे देणे एकदम मागत नाही, चार ठिकाणी वाटून मागते. मग घरात आपणच ते बारा ठिकाणी का वाटू नये?

यासाठी एका संध्याकाळचा वेळ पुरेल. गेल्या वर्षाचे बँकेचे पुस्तक समोर घ्यावे आणि कागदावर वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च महिन्यांसह लिहावेत. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे २४ हजार, जूनमधील शाळेचे ३० हजार, गाडीच्या विम्याचे १२ हजार, तिच्या दुरुस्तीचे ६ हजार, घरपट्टीचे ६ हजार, गणपती-दिवाळीचे १८ हजार, असे समजा. बेरीज झाली ९६ हजार. बाराने भागून ८ हजार. पगार झाला की पहिल्याच दिवशी हे आठ हजार वेगळ्या खात्यात टाकावेत. उरलेला पगार हाच आपला खरा पगार, असे मानावे. सुरुवातीचे चार-सहा महिने जड जातील, कारण खाते भरण्याआधीच एखादा खर्च पुढे ठाकेल. तेवढ्यापुरती साठवण मोडावी लागली तरी चालेल, पण रीत मोडू नये. त्या कागदाच्या शिरोभागी विम्याची तारीख ठळक लिहावी आणि तिच्या पंधरा दिवस आधीची तारीख हीच शेवटची समजावी.

मघाशी ज्या शिक्षकांची हकीकत सांगितली, त्यांच्या स्वयंपाकघरात दाराच्या आतल्या बाजूस आता असा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर गाडीच्या विम्याच्या ओळीपुढे त्यांनी रकमेऐवजी त्या गवंड्याचे नाव लिहिले आहे. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “रक्कम पाहिली की पुढे ढकलावीशी वाटते. हे नाव पाहिले की तसे वाटत नाही.”

श्रोतेहो, आपल्यावर अशी पाटी लिहिण्याची वेळ येऊ नये. आज जेवणे आटोपली की आपल्या विम्याचा कागद तेवढा काढून पाहा.