धांवण्याच्या जोड्याची नवी आवृत्ति

उत्तर नागपुरांतील जरीपटका ही वस्ती मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचें नांव मिरविते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या कुटुंबांनीं येथें आपले संसार नव्यानें उभे केले आणि व्यापारउदिमानें ही वस्ती गजबजली. पहांटे दुकानें उघडण्यापूर्वीं मात्र तेथें निराळीच रहदारी असते. दयानंद पार्कांत व आसपासच्या रस्त्यांवर कोणी झपाझप चालत असतो, कोणी मंद गतीनें धांवत असतो. यांत पदक मिळविण्यासाठीं धांवणारा विरळा. कोणाला डॉक्टरांनीं वजन उतरविण्यास सांगितलेलें असतें, कोणाच्या रक्तांत साखर वाढलेली असते, तर कोणाला दिवसभर बैठें काम करून आंखडलेले पाय मोकळे करावयाचे असतात.

अशा माणसाला थोड्याच दिवसांत एक प्रश्न पडतो, कीं पायांत काय घालावें? दुकानांत गेलें तर जाड, मऊ तळाच्या जोड्यांच्या रांगा मांडलेल्या दिसतात आणि दहा-बारा हजारांची किंमत ऐकून मन कचरतें. विक्रेता सांगतो, ‘ही यंदाची नवी आवृत्ति, गेल्या खेपेपेक्षां हिच्यांत गादी अधिक आहे.’ खरी पारख येथून सुरू होते. कारण जोडा चुकला तर नुसते पैसेच जातात असें नाहीं. टाच किंवा गुडघा दुखूं लागतो, दुखण्यापायीं धांवणें सुटतें, आणि ज्या प्रकृतीसाठीं हा सारा खटाटोप केला ती होती तेथेंच राहते.

पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठावरील ‘सुधारून वाढविलेली आवृत्ति’ हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. अशा आवृत्तींत कधीं खरोखरच चुका दुरुस्त केलेल्या असतात, कधीं एकादा नवा धडा घातलेला असतो, आणि कधीं नुसता मुखपृष्ठाचा रंग पालटलेला असतो. धांवण्याच्या जोड्यांचेंहि तसेंच आहे. एकाच नांवाचा जोडा वर्ष-दीड वर्षानें नवा आंकडा लावून बाजारांत येतो. तेव्हां सुज्ञ गृहस्थानें तीन प्रश्न विचारावे. नेमकें काय बदललें? तो बदल आपल्या पायाला मानवतो काय? आणि त्यासाठीं मोजलेले अधिक पैसे वसूल होतात काय?

प्रथम गादी करते काय तें पाहिलें पाहिजे. धांवतांना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर उलटून येतो. एका किलोमीटरला साधारण हजार पावलें पडतात. म्हणजे रोज पांच किलोमीटर धांवणाऱ्या माणसाच्या दोन पायांवर सकाळच्या अर्ध्या-पाऊण तासांत पांच हजार वेळां हा भार येऊन आदळतो. जोड्याच्या तळांतील गादी म्हणजे असंख्य सूक्ष्म वायुकोष असलेला रासायनिक फेस होय. १९७० नंतरच्या दशकांत ‘ईव्हीए’ नांवाचा फेस या कामीं रुळला आणि पुढें त्याहून हलके व अधिक उसळी देणारे प्रकार निघाले. या फेसानें भार नाहींसा होत नाहीं. तो किंचित् अधिक वेळांत व तळव्याच्या अधिक भागावर पसरला जातो, इतकेंच.

मग गादीवांचून धांवतांच येत नाहीं काय? आपल्याच प्रांताचा इतिहास याचें उत्तर देतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील सामन्यांत खेड्यापाड्यांतील अनवाणी धांवणाऱ्या तरुणांचा दम पाहूनच सर दोराबजी टाटांनीं हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचें मनावर घेतलें. १९२० सालीं बेळगांवकडील फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉन शर्यतींत धांवले आणि जगांतील नामांकित धांवपटूंत १९ वे आले. परंतु या उदाहरणावरून उद्यांपासून अनवाणी धांवूं लागावें असें मात्र कोणी समजूं नये. त्या तरुणांचे पाय लहानपणापासून मातीवर घडलेले होते. नागपुरांतील अनेक रस्ते आतां सिमेंटचे झाले आहेत, आणि त्यांवर धांवूं पाहणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थाचे पाय वीस वर्षें टेबलाखालीं विसावलेले असतात. त्याला गादीचा आधार हवा. प्रश्न आहे तो किती व कसा याचा.

या बाबतींत शास्त्रीय प्रयोग झालेले आहेत. लक्झेंबर्ग येथील संशोधकांनीं ८४८ हौशी धांवणारांवर केलेला प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दिसावयास एकसारखे, परंतु एकाची गादी कठीण व दुसऱ्याची मऊ, असे जोडे वांटून सहा महिने त्यांची नोंद ठेवण्यांत आली. कठीण गादीवर धांवणारांत दुखापतीचा धोका सुमारें दीडपट आढळला. गंमत अशी, कीं मऊ गादीचा हा लाभ मुख्यतः हलक्या वजनाच्या लोकांत दिसून आला. वजनदार माणसाला जाड गादीच पाहिजे, ही लोकांची समजूत त्यामुळें निर्विवाद राहिली नाहीं.

दुसरी बाजूहि ध्यानांत घ्यावी. पायाखालचा पृष्ठभाग मऊ असला, कीं धांवणारा नकळत आपला पाय अधिक ताठ ठेवतो आणि कठीण असला कीं अधिक लवचिक ठेवतो, हें अमेरिकेंतील प्रयोगांनीं १९९८ सालींच दाखविलें होतें. पुढें २०१८ सालीं फिनलंडमध्यें थोड्या धांवपटूंवर झालेल्या प्रयोगांत तर फार जाड गादीच्या जोड्यानें वेगांत धांवतांना आघात उलट वाढलेला दिसला. सारांश, गादी उपयोगी खरी. परंतु जितकी जाड तितकी हितकर, हा हिशेब बरोबर नाहीं. जाडी, मऊपणा आणि संरक्षण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आतां नव्या आवृत्तींत बदलतें काय, याचे दोन नमुने पाहूं. नायकी कंपनीचा ‘पेगॅसस’ हा रोजच्या सरावाचा जोडा १९८३ पासून निघतो. २०२४ सालीं त्याची ४१ वी आवृत्ति आली. तिच्यांत ‘रिअ‍ॅक्ट’ या फेसाच्या जागीं ‘रिअ‍ॅक्टएक्स’ नांवाचा फेस घातला गेला, आणि पावलाची शक्ति परत देण्याचा त्याचा गुण १३ टक्क्यांनीं अधिक असल्याचें कंपनीनें सांगितलें. मात्र टाचेची व चवड्याची उंची यांतील फरक, ज्याला धांवणारे ‘ड्रॉप’ म्हणतात, तो पूर्वींप्रमाणेंच १० मिलीमीटरच्या घरांत राहिला. जुन्या आवृत्तीवर समाधानी असलेल्या माणसाला येथें फारसें बिचकण्याचें कारण नाहीं.

दुसरा नमुना होका कंपनीच्या ‘क्लिफ्टन’ जोड्याचा. त्याच्या ९ व्या आवृत्तींत हा फरक ५ मिलीमीटर होता. २०२५ मधील १० व्या आवृत्तींत टाच वाढवून तो ८ मिलीमीटर करण्यांत आला. तीन मिलीमीटर म्हणजे काय मोठेंसें, असें कोणाला वाटेल. परंतु टाच उंच झाली, कीं पोटरीवरील व टाचेमागच्या जाड शिरेवरील ताण सामान्यतः कमी होतो आणि गुडघ्याकडे थोडा अधिक जातो. ज्याची टाचेमागची शीर कुरकुरते त्याला हा बदल सुखाचा वाटेल. ज्याचा गुडघा नाजूक आहे त्यानें जपून पाऊल टाकावें. नांव तेंच, परंतु जोडा निराळा! म्हणून ‘मागच्या वेळीं हाच घेतला होता’ एवढ्यावर डोळे मिटून पैसे मोजणें शहाणपणाचें नव्हे.

पारख करतांना बहुतेकांची फसगत होते ती एका साध्या कारणानें. दुकानांत माणूस नव्या जोड्याची तुलना आपल्या जुन्या जोड्याशीं करतो. पण जुना जोडा शेंकडों किलोमीटर धांवून थकलेला असतो. त्याचा फेस दबून गेलेला असतो. त्याच्याजवळ कोणताहि कोरा जोडा ठेवला, तरी तो मऊच लागणार. ही नव्या आवृत्तीची सुधारणा नव्हे, नुसता नवेपणा आहे. आणि नव्याचे नऊ दिवस असतात. खरी तुलना करावयाची, तर जुन्या आवृत्तीचा कोरा जोडा एका पायांत व नव्या आवृत्तीचा दुसऱ्या पायांत चढवून दुकानांतच चार पावलें टाकावीं. शिल्लक राहिलेला जुना माल दुकानांत मिळतोच. तेवढें मागण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

मापाचीहि गोष्ट महत्त्वाची आहे. पाय दिवसभरांत किंचित् फुगतात. म्हणून खरेदी संध्याकाळीं करावी आणि धांवतांना वापरावयाचे मोजे बरोबर न्यावे. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी असावी. लांबीपेक्षां रुंदीकडे अधिक लक्ष द्यावें, कारण विलायती सांचे आपल्या पायांना पुष्कळदां अरुंद पडतात. मद्रास, म्हणजे आतांच्या चेन्नई, येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशांतील ७९ ठिकाणीं एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले आणि त्यावरून भारतीयांसाठीं ‘भा’ नांवाची स्वतंत्र मापपद्धति सुचविली. चवड्याला दोन्ही बाजूंनीं चिमटा बसत असेल, तर गादी कितीहि उंची असो, तो जोडा परत ठेवावा. कॅनडांतील संशोधक बेन्नो निग यांनीं २०१५ सालीं असेंच प्रतिपादन केलें, कीं अनेक जोड्यांतून जो पायाला सहज सुखाचा वाटतो, तो निवडणेंच बहुधा हिताचें ठरतें.

दुकानांतील गुळगुळीत फरशीवर परीक्षा पुरी होत नाहीं. घरीं आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे नवा जोडा दोन-तीन किलोमीटरांपुरताच वापरावा आणि मधल्या दिवशीं जुना घालावा. असें आलटून पालटून वापरणें एरव्हींहि लाभाचें आहे. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, २६४ धांवणारांच्या पाहणींत, एकाहून अधिक जोडे पाळीनें वापरणारांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनीं कमी आढळला. या काळांत तीन गोष्टी न्याहाळाव्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंथरुणांतून उठतांना टाच ठणकते काय? वळणावर घोटा डगमगतो काय? आणि ओल्या सिमेंटवर तळ घसरतो काय? शेवटचा प्रश्न पावसाळ्यांत विशेष मोलाचा आहे, कारण त्याचें उत्तर मऊ फेसांत नसून खालच्या रबरांत असतें.

नागपूरच्या हवेचाहि विचार करावयास हवा. फेस थंडींत कठीण होतो आणि उष्णतेनें मऊ पडतो. पौष महिन्यांतील कडाक्याच्या सकाळीं जो जोडा ताठर वाटला, तोच वैशाखांत ढिला वाटेल. जेथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथें भिजलेला जोडा गच्चीवर भर उन्हांत वाळविणें किंवा बंद मोटारींत ठेवून देणें म्हणजे फेसाचें व डिंकाचें आयुष्य हातानें कमी करणें होय. ओल्या जोड्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलींत ठेवावा.

आतां पैशाचा हिशेब. असा जोडा साधारणपणें ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, असें धरतात. आठवड्याला पांच दिवस, रोज पांच किलोमीटर धांवणारा माणूस सहा महिन्यांत सुमारें ६०० किलोमीटर धांवतो. बारा हजारांचा जोडा घेतला, तर किलोमीटरला वीस रुपये पडले. मागची आवृत्ति सवलतींत साडेसात हजारांना मिळाली, तर तेच साडेबारा रुपये होतात. नव्या आवृत्तींतील बदल आपल्या पायाच्या उपयोगाचा असेल, तर वरचे साडेसात रुपये सत्कारणीं लागले. तो बदल नुसता रंगाचा व जाहिरातींतील शब्दांचा असेल, तर अंथरूण पाहून पाय पसरण्याची जुनी शिकवण येथें शब्दशः लागू पडते. जोडा घेतल्याची तारीख आंतल्या जिभेवर शाईनें लिहून ठेवावी; बदलण्याची वेळ मग अंदाजानें ठरवावी लागत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. गादी मऊ लागली, कीं माणसाला हुरूप येतो आणि पांचाचे एकदम दहा किलोमीटर होतात. जोडा आघात थोडा सौम्य करील. परंतु स्नायु, शिरा व हाडें यांना सवय होण्यास लागणारे आठवडे तो वांचवूं शकत नाहीं. अंतर हळूहळू वाढवावें, एक-दोन दिवस विसावा घ्यावा, आणि विसावा घेऊनहि दुखणें हटलें नाहीं तर दुकानाची नव्हे, डॉक्टरांची पायरी चढावी. कोणत्याहि आवृत्तीची अखेरची परीक्षा खोक्यावरच्या आंकड्यांत होत नाहीं. सहा महिन्यांनंतर तो जोडा झिजलेला असावा आणि घालणाराचे पाय शाबूत असावे. जरीपटक्याच्या रस्त्यावर पहांटे धांवणाऱ्या गृहस्थाला याहून अधिक कांहीं नको असतें.