घरातला दूरध्वनी आणि कमी ऐकू येणारी माणसे



आम्ही वैद्य नाही आणि दूरध्वनी खात्यातील तंत्रज्ञही नाही. बँकेत कारकून आहोत, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की, आमच्या घरी कमी ऐकू येणारे वडील आहेत आणि एक दूरध्वनी आहे. या दोघांची गाठ घालून देताना आम्ही बऱ्याच चुका केल्या. त्या आपण करू नयेत यासाठी आज उभे आहोत. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा आम्ही हा सांगितला. त्यावर एकदोघे हसले. फोनवर काय व्याख्यान द्यायचे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचेही बरोबर आहे. परंतु पुढील प्रसंग ऐकून घ्यावा.

जून २०१८ मधील गोष्ट आहे. वडील दुपारी घरी एकटेच होते. घरचा फोन वाजला, त्यांनी उचलला. पलीकडे गावाहून आमचा चुलतभाऊ होता. वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू, ते वारल्याचे त्याने सांगितले. "नाना गेले," असे तो म्हणाला. वडिलांनी "बरं, बरं, ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी आम्ही बँकेतून आलो तर वडील आनंदात! म्हणाले, "नाना आलेत. कुठे उतरलेत ते नीट कळलं नाही, पण रात्रीपर्यंत येतील." सौ.ने दोन माणसांचा भात जास्त टाकला. वडिलांनी स्वतः पलंगावरची चादर बदलली. अकरा वाजेपर्यंत आम्ही वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला तेव्हा उलगडा झाला. काकांना सांगितले आहे, ते मुंबईकडच्या सर्वांना कळवतील, अशा समजुतीने चुलतभावाने दुसऱ्या कोणास फोन केलाच नव्हता. तोवर सर्व आटोपले होते. "गेले" याचे "आले" झाले, आणि सख्ख्या भावाचे अंत्यदर्शन चुकले.

आम्ही तेव्हा वडिलांवर रागावलो, हे येथे कबूल केले पाहिजे. "ऐकू आलं नाही तर परत विचारायचं ना, बाबा?" असे बोललो. ते म्हणाले, "किती वेळा विचारू?" त्या दिवसापासून त्यांनी फोन उचलणे सोडले. शेजारी वाजत असला तरी उठून गॅलरीत जात.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाची "बरं, बरं" म्हणण्याची सवय आपण सर्वांनी पाहिली असेल. ती लबाडी नव्हे आणि विसराळूपणाही नव्हे. तीन वेळा "काय?" विचारल्यावर समोरचा वैतागतो, म्हणून चौथ्यांदा माणूस मान डोलावतो.

यथावकाश कानाची तपासणी करून घेतली. वडिलांनी गिरणीच्या रिंग खात्यात अठरा वर्षे, म्हणजे १९८२ च्या संपापर्यंत, काम केलेले. तपासणीचा आलेख पाहून डॉक्टरांनी आधी त्यांचा व्यवसायच विचारला. यंत्रांच्या सततच्या गोंगाटाने कानाचे नुकसान प्रथम उंच पट्टीच्या आवाजात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास होते. वय वाढते तसे तेही वरच्या पट्टीकडूनच ऐकणे कमी करीत जाते. आता गंमत अशी की स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे खालच्या पट्टीत असतात. ते मोठे आणि ठसठशीत ऐकू येतात. परंतु स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने ओळखण्याची खूण बरीचशी वरच्या पट्टीत असते. म्हणून अशा माणसाला बोलणे चालू आहे हे कळते, मात्र शब्द कळत नाही. साप, ताप, थाप, काप हे चारही शब्द त्याला जवळजवळ एकच वाटतात.

घरात समोरासमोर वडिलांचे भागते, मग फोनवरच असे का होते, हा आमचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर आम्हांला फार उपयोगी पडले. साधा दूरध्वनी आवाजाचा सर्व पट्टा वाहून नेत नाही. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच नेतो. म्हणजे वरची पट्टी वडिलांच्या कानाने सोडलेली आणि त्यातली उरलीसुरली दूरध्वनीने कापलेली. त्यात ओठ दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. समोरासमोर असताना वडील निम्मे बोलणे डोळ्यांनीच ऐकत होते, हे आम्हांला इतक्या वर्षांत समजले नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला अगदी कमी ऐकू येई. पुढे त्यांची पत्नी झालेल्या मेबेल यांची श्रवणशक्ती लहानपणी तापात गेलेली होती. आवाज मोजण्याचे डेसिबल हे एकक त्यांच्याच नावावरून आले आहे. ज्या घरात दोन जवळची माणसे फोनवर ऐकू शकत नव्हती, त्या घरातून फोन निघाला!

आता संचाकडे वळू. ध्वनिवर्धक दूरध्वनी दिसावयास साध्या फोनसारखाच असतो. बटणे मोठी असतात, आवाज वाढविण्याची कळ असते, आणि चांगल्या संचात आवाजाची पट्टी बदलण्याची वेगळी कळ असते, तिला टोन म्हणतात. संच घेताना ही दुसरी कळ आहे की नाही ते आधी पाहावे. खोक्यावर ४० डेसिबल वगैरे आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळते. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे ४० डेसिबलला सोळा पट! एवढे बळ असले तरी वापरायचे कमीच असते.

आमचा संच शाखेतील एका सहकाऱ्याच्या मुलीने २०१९ मध्ये अमेरिकेहून येताना आणला. फोनची पिन आपल्याकडच्या सॉकेटमध्ये बरोबर बसली. त्या आनंदात आम्ही त्याचा अ‍ॅडाप्टरही भिंतीला लावला. तो १२० व्होल्टचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. दोन मिनिटांत जळका वास आला. नशिबाने संच वाचला. मग बाजारातून दुसरा अ‍ॅडाप्टर आणताना जुन्याच्या पाठीवर लिहिलेला बाहेर पडणारा व्होल्टचा आकडा, अँपिअरचा आकडा आणि अधिक-उणे यांची खूण, हे तिन्ही जुळवून घेतले. परदेशातून कोणी वस्तू पाठविली तर आधी तिची पाठ वाचावी. कला शाखेचा पदवीधर असलो तरी एवढे आम्हांला वाचता येत होते. आम्ही वाचले नाही.

दुसरी चूक याहून मोठी. आम्ही आवाजाची कळ शेवटच्या टोकाला नेली आणि वडिलांच्या हाती रिसिव्हर दिला. मोबाईलवरून सौ.ने स्वयंपाकघरातून "बाबा, ऐकू येतंय का?" विचारले. वडिलांनी रिसिव्हर झटकन दूर केला आणि कानावर हात ठेवला. "नको हे," म्हणाले. चार दिवस संच तसाच पडून राहिला. आम्हांला वाटले, म्हातारपणाचा हट्ट. वस्तुतः अशा कानांचे दुखणे दुहेरी असते: बारीक आवाज ऐकू येत नाही, पण थोडा वाढविला की तोच एकदम असह्य होतो. शिवाय फार मोठ्या आवाजाने उरलेल्या श्रवणशक्तीसही धोका असतो.

पाचव्या दिवशी आम्ही उलट केले. कळ अगदी खाली आणली, वडिलांना खुर्चीत बसविले आणि दोन्ही कळा त्यांच्याच बोटांखाली दिल्या. आमच्या मुलीने दुसऱ्या खोलीतून मोबाईलवर वर्तमानपत्र वाचावयास सुरुवात केली. वडील हळूहळू आवाज वाढवीत गेले. एका जागी थांबले. मग टोनची कळ उंच पट्टीकडे सरकवली, आणि आवाज वाढविण्याऐवजी थोडा कमीच केला! शब्द सुटे झाले होते. सौ.ने आपल्या कपाळाची टिकली काढून त्या जागी कळेशेजारी चिकटविली. ती खूण आजही आहे. टिकल्या बदलत गेल्या एवढेच. आम्ही आमच्या कानाने त्यांच्यासाठी आवाज ठरवीत होतो, तेथेच चुकत होते.

आणखी एक मौज झाली. वडिलांचे बोलणे झाल्यावर तोच रिसिव्हर मुलीने उचलला आणि ती किंचाळली. बऱ्याच संचांत रिसिव्हर ठेवताच वाढविलेला आवाज आपोआप मूळ जागी यावा अशी सोय असते, आणि ती बंद करण्याचे बटणही असते. आम्ही ते बंद केले होते. ज्या घरात वृद्ध एकटेच राहतात तेथे ते बंद ठेवले तर चालेल. चार माणसांच्या घरात सोय चालू ठेवावी आणि वृद्धांना फोन उचलल्यावर एकदा बटण दाबावयास शिकवावे. वडिलांना दोन दिवस लागले.

घंटेचेही तसेच. बारीक, चिरक्या आवाजाची घंटा कितीही मोठी केली तरी वडिलांना कळेना. खर्जातली घंटा निवडली, आणि वाजताना लुकलुकणारा दिवा त्यांच्या खुर्चीसमोर येईल असा संच ठेवला.

जागेचे महत्त्व फार आहे. पंखा, टीव्ही, कुकरची शिट्टी यांपासून फोन दूर हवा. खोलीतला आवाज बोलण्याच्या बाजूने आत जातो आणि त्याचा थोडा भाग आपल्याच कानात परत येतो. ध्वनिवर्धक संचात तोही वाढून येतो. म्हणून ऐकताना रिसिव्हरची खालची बाजू तळहाताने झाकावी. ही युक्ती साध्या फोनलाही लागू पडते. फोन चांगल्या कानाच्या बाजूस ठेवावा, शेजारी वही आणि दोरीने बांधलेले पेन. पेन बांधलेच पाहिजे, नाहीतर नातवंडे नेतात. आमच्या बँकेतही तोच अनुभव आहे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी फोन जवळ नेला की यंत्र शिट्टी मारते. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक वरच्या बाजूस असतो, तेव्हा रिसिव्हर कानाच्या भोकावर न धरता थोडा वर, यंत्राजवळ धरावा. यंत्रात टेलिकॉइल असेल तर 'टी' या खुणेवर घ्यावे, म्हणजे खोलीतला गोंगाट येत नाही. मात्र संचही श्रवणयंत्राशी जुळणारा हवा. अगदी लहान यंत्रांत ही सोय पुष्कळदा नसते, म्हणून घेण्यापूर्वी विचारावे. तपासणी तर आधी केलीच पाहिजे. कधी कधी नुसता मळ निघतो. एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या कामासाठी आहे.

२०२२ मध्ये आमच्या इमारतीत तांब्याची तार जाऊन फायबर आले, आणि नवीच अडचण उभी राहिली. तांब्याच्या तारेतून फोनपुरती वीज एक्स्चेंजकडूनच येत असे. घरातले दिवे गेले तरी आमचा संच साध्या फोनसारखा चालायचा, आवाज तेवढा वाढत नसे. फायबरमध्ये फोन घरातल्या पेटीला जोडतात आणि ती घरच्या विजेवर चालते. वीज गेली की फोन मुका. आम्ही पेटी इन्व्हर्टरवर घेतली आणि संचाचा अ‍ॅडाप्टर विसरलो. पहिल्याच पावसात ते कळले. दोन्ही घ्यावेत.

आता पलीकडून बोलणाऱ्यांसाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी. ओरडू नका. ओरडल्याने स्वर फुगतात आणि व्यंजने तशीच दबलेली राहतात. सावकाश बोला, आधी कोण बोलतो आणि कशाबद्दल, ते सांगा. आकडे सुटे सांगा. सात, साठ आणि आठ यांत काउंटरवर आमचाही गोंधळ होतो, आणि आमचे कान शाबूत आहेत. एकोणसाठ म्हणू नये. पाच, नऊ असे म्हणावे. शेवटी समोरच्याकडून वदवून घ्यावे. "कळलं ना?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "बरं, बरं" असेच येते.

स्पीकर चालू करून सर्वांनी ऐकावे, ही सोय पुष्कळांना पुरेशी वाटते. आम्ही काउंटरवरून रोज पाहतो: ऐकू येत नाही म्हणून आजोबा आपला फोन रांगेतल्या अनोळखी मुलाच्या हाती देतात, "बघ रे, काय म्हणतोय." त्यात खात्याचा आकडा असतो, कधी ओटीपी असतो. बँक ओटीपी विचारत नाही हे आम्ही सांगतो. पण ज्याला पलीकडचे ऐकूच येत नाही त्याने कोण काय विचारते हे ओळखायचे कसे?

आणि पैशांचेच कशाला. टिकली चिकटविली त्याच रात्री वडिलांनी गावी फोन लावला, नानांच्या पत्नीला, म्हणजे आपल्या वहिनींना. नाना जाऊन वर्ष होत आले होते. तोवर जे काही सांत्वन झाले होते ते आमच्यामार्फत, आम्ही मध्ये बसून, ओरडून. त्या रात्री वडिलांनी खोलीचे दार लावून घेतले. चाळीस मिनिटे बोलत होते. काय बोलले ते आम्हांला ठाऊक नाही.

संच आम्ही आज सोबत आणला आहे. कार्यालयातील सचिवांच्या टेबलावरच्या फोनच्या जागी तो जोडून ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी चहानंतर तेथे यावे; विद्यार्थ्यांपैकी दोघांनी बाहेरून मोबाईलवरून बोलावे. आवाजाची कळ सध्या अगदी खाली आहे. ती ज्याची त्यानेच वर न्यावी.