पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय?

जयंतीच्या शिबिरात रक्त दिलं आणि पुढे रक्तपेढीतून फोन आला, की निंबर्ग्यासारख्या गावात बातमी लपत नाही. कागदावर ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ एवढंच असतं. गाव त्याला पांढरी कावीळ म्हणतं आणि पाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता सांगून मोकळं होतं.

हिपॅटायटिस सीचा विषाणू, म्हणजेच एचसीव्ही, १९८९ साली ओळखता आला. दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी भारतात २००१पासून सक्तीची झाली. पण ही चाचणी विषाणूला पकडत नाही. त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं तेवढी दाखवते. शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस जणांच्या अंगातून विषाणू औषधावाचूनच निघून जातो. प्रतिपिंडं मात्र मागे राहतात, भांडण मिटल्यावर ठाण्याच्या वहीत नाव राहावं तशी.

शिवाय चाचणी चुकतेही. त्याचा हिशेब पाहा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांना पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही प्रतिपिंडं जेमतेम हजारात एकाकडे आढळली होती. अशा दहा हजार माणसांत खरे दहा. चाचणी निरोगी माणसाला शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ओळखते असं धरलं, तरी शंभरेक निरोगी माणसं पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे अकरा कागदांत खरा एक! यंत्र वाईट नाही हो, आजारच विरळा आहे. डायलिसिसवर असलेल्यांत किंवा पूर्वी वारंवार रक्त चढवलेल्यांत हाच कागद कितीतरी जास्त भरवशाचा ठरतो.

उलटही घडतं. लागण झाल्यावर पहिले दोन-अडीच महिने प्रतिपिंडं दिसतच नाहीत. डायलिसिसच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णांत ती कधीकधी तयारच होत नाहीत, आणि कागद खोटा धीर देतो.

म्हणून पुढची आरएनए चाचणी हवी. ती विषाणूच शोधते. २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचाराच्या गोळ्या सरकारी रुग्णालयांतून मोफत आहेत. जिल्ह्याच्या रुग्णालयात चौकशी करा. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात, इंजेक्शन नाही. संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. विषाणू नसला, तर तुम्ही बरे झालात. पहिली चाचणी मात्र त्यानंतरही बहुधा पॉझिटिव्हच येत राहील आणि शिबिरात तुमचं रक्त घेणार नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.